शेजारचा देश की मागचे अंगण?

दिवाळीच्या सुटीत चार दिवस नेपाळास जाऊन येण्याची चाल अलीकडे आपल्या मंडळींत चांगलीच रुजली आहे. तीस आमचा विरोध नाही. विरोध आहे तो या सहलींच्या आखणीस, आणि त्या आखणीच्या मुळाशी असलेल्या वृत्तीस. हातोहाती फिरणारी पत्रके वाचावीत: पहिल्या दिवशी काठमांडू, दुसऱ्या दिवशी पोखरा, तिसऱ्या दिवशी मुक्तिनाथ, चौथ्या दिवशी लुंबिनीवरून परत, सोबत आपला आचारी, आपला मसाला, आणि तळाशी ठळक अक्षरांत आश्वासन, ‘परदेशात आहोत असे वाटणारसुद्धा नाही’. या शेवटच्या वाक्याचीच आम्हांस लाज वाटते. परदेशात आहोत असे वाटू द्यायचे नसेल, तर घर सोडण्याचे प्रयोजन काय?

प्रथम साधा हिशेब पाहू. काठमांडू ते पोखरा हे अंतर सुमारे २०० किलोमीटर. पृथ्वी राजमार्ग डोंगरांच्या कडेने, त्रिशूली नदीच्या काठाकाठाने जातो, आणि त्यावर सात-आठ तास सहज मोडतात. दरड कोसळली वा रस्त्याचे काम निघाले तर किती, ते कोणी सांगू नये. विमानाने हेच अंतर अर्ध्या तासाचे, पण धुके पडले की विमान जागचे हलत नाही. म्हणजे चार दिवसांपैकी जाण्या-येण्याचे दोन वजा केले की उरते काय? आणि त्या उरलेल्यात समुद्रसपाटीपासून सुमारे ३,७०० मीटर उंचीवरचे मुक्तिनाथ! साठी उलटलेल्या माणसांस एवढ्या उंचीवर एका दिवसात चढवून त्याच दिवशी उतरवणे यास पुण्य म्हणावयाचे की अविचार, हे आयोजकांनीच सांगावे.

एक नगर आणि एक सरोवर, एवढेच मनाशी धरले तर पाच-सहा दिवस पुरतात. पण नगर पाहावयाचे म्हणजे पशुपतिनाथाचे दर्शन उरकून बाजारात शिरणे नव्हे. काठमांडूच्या खोऱ्यात मल्ल राजांच्या तीन राजधान्या एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर वसल्या, आणि मंदिरांच्या उभारणीत एकमेकींशी स्पर्धा करीत राहिल्या. त्यांपैकी पाटणच्या राजवाड्यासमोर सिद्धिनरसिंह मल्लाने सतराव्या शतकात बांधलेले दगडी कृष्णमंदिर उभे आहे. त्याच चौकात जमिनीखाली पायऱ्या उतरून गेले की मंगहिटी लागते. लिच्छवींच्या काळापासूनचे हे दगडी धारे, मकरमुखांतून पडणारे पाणी, घागरी घेऊन आलेल्या बायका. पाणी दुरून भूमिगत पाटांनी आणावयाचे, गाळावयाचे आणि मग लोकांच्या ओंजळीत सोडावयाचे, ही विद्या त्या नेवार कारागिरांस दीड हजार वर्षांपूर्वी अवगत होती. २५ एप्रिल २०१५ च्या भूकंपात या खोऱ्यातील कितीतरी देवळे मातीस मिळाली. काठमांडूचे काष्ठमंडप, ज्यावरून नगराचे नाव पडले असे म्हणतात, तेही कोसळले. पुढे ते पुन्हा उभे राहिले. लाकडावर छिन्नी चालविणारे हात अजून तेथे आहेत, हे पाहण्यास अर्धा दिवस तरी बसावे लागते. बसमधून ते दिसत नाही.

आता सरोवर. फेवा ताल हे पोखऱ्याचे वैभव. आकाश निरभ्र असेल तर माछापुच्छ्रेचे ६,९९३ मीटरचे शिखर त्यात उतरलेले दिसते. हे शिखर पवित्र मानले जाते. १९५७ साली गिर्यारोहकांची एक तुकडी त्याच्या माथ्याजवळ पोचली आणि माथ्यावर पाऊल न ठेवता परतली. त्यानंतर त्यावर चढण्यास परवानगीच नाही. आपल्या पत्रकांत मात्र पहिली अट असते ती अशी की खोलीच्या सज्जातून तळे दिसलेच पाहिजे! या अटीचे फळ काय झाले ते तळ्यास विचारावे. वरच्या डोंगरांतून हर्पन खोला गाळ आणून ओततो, आणि काठावर हॉटेलांवर हॉटेले चढतात. सहा-सात दशकांत या तळ्याचे क्षेत्र जवळजवळ निम्मे आटले. २०१६ साली पोखरा खोऱ्यातील नऊ तळ्यांना रामसर यादीत स्थान मिळाले, आणि २०१८ साली नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने फेवाच्या काठापासून ६५ मीटरांपर्यंत बांधकाम नको असा आदेश दिला. कोणी म्हणेल, आमच्या एका खोलीने काय होते? एका खोलीने काही होत नाही. पण प्रत्येक पत्रकात हीच अट असते. थोडे दूर उतरून सकाळी चालत काठावर जाण्याने आपली प्रतिष्ठा उणावत नाही. आणि बेगनास ताल तर पलीकडेच आहे, तेथे अजून शांतता सापडते.

पण आमचे खरे भांडण वृत्तीशी आहे. आम्ही महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेली माणसे. परप्रांतात आपले नाव चुकीचे उच्चारले, आपल्या भाषेस कोणी हिंदीची बोली म्हटले की आम्हांस किती झोंबते! आणि तेच आम्ही सीमा ओलांडताच भेटेल त्याला ‘बहादूर’ म्हणून हाक मारतो आणि अरेतुरे करतो. नेपाळीत तँ, तिमी, तपाईं अशा आदराच्या पायऱ्या आहेत; आपल्यास तू आणि आपण यांतला भेद कळतो, तर हा का कळू नये? तिची लिपीही देवनागरीच. पाट्या वाचता येतात म्हणून अर्थही आपलाच, असे समजू नये. तेथे ‘घाम’ म्हणजे ऊन! ज्या भाषेत लक्ष्मीप्रसाद देवकोटांनी १९३६ साली ‘मुनामदन’ लिहिले, ज्या भाषेत पारिजात या लेखिकेची ‘शिरीषको फूल’ ही कादंबरी १९६४ साली आली, त्या भाषेचे एक पुस्तक परतीच्या पिशवीत असले तर रुद्राक्षांच्या माळेइतके ते जड होणार नाही.

‘चार घटका मौज करायला जातो, अभ्यासाला नव्हे’ असा आक्षेप येईल. मौज जरूर करावी. तथापि १८५७ च्या उठावानंतर नानासाहेब पेशव्यांनी आश्रय शोधला तो नेपाळच्या तराईत, आणि बेगम हजरत महल १८७९ साली वारली ती काठमांडूतच, तिची कबर तेथे आहे, एवढे ठाऊक असल्याने कोणाच्या मौजेचा विरस झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

दिवाळी तेथे तिहार म्हणून होते. तिच्या पहिल्या दिवशी कावळ्याला मान, दुसऱ्या दिवशी कुत्र्याच्या गळ्यात झेंडूची माळ, आणि शेवटी भाईटीका, म्हणजे आपली भाऊबीजच. त्या दिवसांत दुकाने बंद आणि गाड्या गावी जाणाऱ्यांनी भरलेल्या. आरक्षण आधीच करावे. विमानाने जाणाऱ्यांनी पारपत्र वा मतदार ओळखपत्र जवळ बाळगावे, आणि उतरताच घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करावे. येत्या वर्षाची पत्रके अद्याप छापखान्यात गेली नसतील तर आयोजकांस आमची विनंती आहे की त्यांतून मुक्तिनाथ आणि लुंबिनी काढून टाकावीत, पाटणला एक अख्खा दिवस द्यावा, आणि आचाऱ्यास त्याच्या मुलाबाळांत दिवाळी करू द्यावी.