कोटाचे माप आणि परंपरेचे

गेल्या वर्षी आमच्या भाचीचा विवाह स्कॉटलंडमधील पर्थ येथे झाला. वर तिथलाच. साखरपुड्यासाठी आम्ही गेलो असता वराच्या आजीने आपल्या दिवंगत यजमानांचा किल्ट कपाटातून काढून आमच्यापुढे ठेवला आणि वधूच्या मामाने लग्नात तो नेसावा, अशी इच्छा व्यक्त केली. किल्ट असा पिढीकडून पिढीकडे जाऊ शकतो. सुमारे आठ वार लोकरी कापड, मागे हाताने शिवलेल्या चुण्या आणि कमरेला चामडी पट्टे. पट्टे थोडे सरकवले की दुसऱ्याच्या कमरेला बसतो. कोटाचे तसे नसते. आजोबांचा कोट आमच्या खांद्यावर चढेना. तेव्हा कोट आणि वेस्टकोट आम्ही एडिंबऱ्याच्या एका शिंप्याकडून मापाने शिवून घेतले. घटना एवढीच.

परंतु मायदेशी परतल्यावर आमच्या विद्वान स्नेह्यांनी या घटनेवर जे अभिप्राय दिले, ते ऐकून आम्ही थक्क झालो. त्यांचे आक्षेप तीन. किल्टची परंपरा मुळात बनावट आहे. तो राज्यकर्त्यांचा वेष आहे. आणि एका दिवसाच्या हौसेसाठी कोट शिवण्यापेक्षा तो भाड्याने का आणला नाही? या तिन्ही आक्षेपांचा समाचार घेणे हेच प्रस्तुत लेखाचे प्रयोजन होय.

पहिला आक्षेप ग्रंथोक्त आहे. हॉब्सबॉम आणि रेंजर यांनी १९८३ साली संपादित केलेल्या ‘द इन्व्हेन्शन ऑफ ट्रॅडिशन’ या ग्रंथात ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी हायलंड परंपरेची यथेच्छ चिरफाड केली. आखूड किल्ट हा रॉलिन्सन नावाच्या एका इंग्रज कारखानदाराने अठराव्या शतकात आपल्या मजुरांच्या सोयीसाठी काढला. प्रत्येक कुळाचे वेगळे टार्टन ही त्याहूनही अलीकडची कल्पना. १८२२ साली चौथा जॉर्ज एडिंबऱ्यास आला तेव्हा सर वॉल्टर स्कॉट यांनी सगळ्या शहराला टार्टनमध्ये गुंडाळले. आणि १८४२ साली दोन तोतया बंधूंनी ‘वेस्टियारियम स्कॉटिकम’ हे बनावट पुस्तक छापून त्यावर कळस चढवला. रॉलिन्सनच्या श्रेयाविषयी अभ्यासकांत वाद आहे, पण बाकीचे बव्हंशी मान्य करण्यास आमची हरकत नाही. ज्या १९८३ साली ट्रेव्हर-रोपर यांनी स्कॉटिश लोकांची लबाडी चव्हाट्यावर आणली, त्याच साली हिटलरच्या म्हणून पुढे आलेल्या बनावट रोजनिशांना त्यांनी प्रथम अस्सलपणाचा दाखला दिला होता, हेही जाता जाता नमूद करावेसे वाटते. अस्सल-नकलीचा निवाडा मोठमोठ्यांनाही चकवतो.

पण खरा मुद्दा निराळा आहे. एखादी गोष्ट कधीतरी कोणीतरी निर्माण केली, एवढ्यावरून ती खोटी कशी ठरते? पेटी एकोणिसाव्या शतकात युरोपातून आपल्याकडे आली. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने तिला दाराबाहेर ठेवले, आणि पुढे अनेक वर्षे ठेवले. तरी कीर्तनात, भजनात आणि नाट्यपदांत ती वाजतच राहिली. आज तिच्यावाचून आमच्या नाट्यसंगीताची कल्पना करवत नाही. ती आमची झाली ती वयाने नव्हे, बोटांनी. शंभर वर्षे माणसांनी तिच्यावर मेहनत केली म्हणून. परंपरेचा जन्मदाखला तपासणाऱ्यांनी तिचे पालनपोषण कोणी केले, हेही विचारावे. आजोबांनी तो किल्ट आपल्या लग्नात नेसला होता, मुलाच्या लग्नात नेसला होता. त्या आजीपुढे उभे राहून ‘बाई, हे सगळे १८२२ सालचे नाटक आहे’ असे सांगण्याची विद्वत्ता आमच्यापाशी नाही, याचा आम्हांस आनंद वाटतो.

दुसरा आक्षेप राष्ट्रीय बाण्याचा. ‘असईच्या लढाईत शिंदे-भोसल्यांवर चालून आलेले हेच ना?’ असे एकाने विचारले. होय. १८०३ साली असईला वेलस्लीच्या फौजेत ७४ आणि ७८ क्रमांकाच्या हायलंडर पलटणी होत्या. पण त्याआधीचे पान उलटण्याचे कष्ट कोणी घेत नाही. कलोडनच्या पराभवानंतर १७४६ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून स्कॉटलंडमध्ये पुरुषांना आणि मुलांना हाच वेष निषिद्ध केला. पहिल्या गुन्ह्यास सहा महिने कैद, दुसऱ्यास सात वर्षे काळे पाणी. सूट फक्त सैन्यात शिरणाऱ्यांना. म्हणजे ज्यांचा वेष काढून घेतला, त्यांना तो परत मिळण्याची एकच वाट उरली : जेत्याच्या पलटणीत भरती होणे. कायदा १७८२ साली रद्द झाला. पुढे सदरलंडसारख्या परगण्यांत मेंढ्यांना कुरण हवे म्हणून कुळांना घरांतून हुसकले गेले, आणि त्याच काळात अमीर-उमराव एडिंबऱ्यात टार्टन मिरवीत होते. या वेषाच्या इतिहासात जेता आणि जित दोघेही आहेत. तो नुसता ‘साहेबाचा पोशाख’ म्हणून झटकून टाकणाऱ्याने इतिहास वाचलेला नाही. आणि आमच्यापुरते म्हणाल, तर आम्ही तो दुकानातून उचलला नव्हता. ज्यांचा होता त्यांनी तो आपल्या हाताने दिला होता.

आता तिसरा आक्षेप. तो सर्वांत व्यवहारी दिसतो आणि म्हणूनच सर्वांत घातक आहे. येथे आमच्याच मूर्खपणाची कबुली देणे भाग आहे. शिंप्याकडे जाण्याआधी आम्हीही काटकसरीचा मार्ग धरला होता. एका विक्रेत्याला छाती, कंबर आणि बाहीची मापे पोस्टाने कळवली आणि तयार कोट मागवला. कोट आला. तो साध्या सुटाच्या कोटासारखा लांब होता. मागच्या चुण्या त्याखाली चेंगरल्या आणि पुढे कमरेला लटकणारी चामड्याची थैली, जिला स्पोरन म्हणतात, ती अर्धी झाकली गेली. आरशात आम्ही घोंगडी पांघरून घाघरा नेसलेल्या माणसासारखे दिसत होतो. भाचीने फोनवर फोटो पाहिला आणि म्हणाली, “मामा, तुम्ही हे घालून आलात तर मी मंडपात येणार नाही.”

एडिंबऱ्याच्या शिंप्याने पहिल्याच भेटीत दोष कोठे आहे ते सांगितले. पाटलोण कमरेखाली, नितंबांवर टेकते. किल्ट नेसायचा तो बेंबीच्या पातळीवर किंवा किंचित वर. म्हणून त्यावरचा कोट आखूड हवा, पुढून गोलाई देऊन मागे वळवलेला हवा, म्हणजे स्पोरन मोकळी राहते. वेस्टकोटाची खालची कड किल्टच्या वरच्या काठाला नेमकी झाकणारी हवी. मध्ये सदऱ्याची बोटभर पट्टी दिसली तरी सारा पोशाख फसला. लग्न दुपारचे, म्हणून त्याने शेपट्यांचा, संध्याकाळच्या समारंभाचा ‘प्रिन्स चार्ली’ नको म्हटले आणि ‘आर्गाइल’ सुचवला; त्याला पाच गुंड्यांचा वेस्टकोट. माप घेताना त्याने आम्हांला किल्ट नेसूनच उभे केले. आमचा उजवा खांदा डाव्यापेक्षा किंचित उतरलेला आहे, हे साठ वर्षांत आम्हांला प्रथमच कळले. कच्च्या टाक्यांवर कोट दोनदा अंगावर चढवला गेला, खडूच्या खुणा झाल्या, बाह्या उसवून पुन्हा बसवल्या गेल्या. “तुम्ही बसून दाखवा,” तो म्हणाला, “लग्नात माणूस उभ्यापेक्षा बसलेलाच जास्त असतो.”

हे ज्ञान कोणत्या पुस्तकात नाही. ते त्या माणसाच्या बोटांत आहे, आणि गिऱ्हाइके येत राहतील तोवरच राहील. भाड्याचा कोट शंभर अंगांसाठी कापलेला असतो, म्हणून तो एकाही अंगाचा नसतो. ज्याला शिवण्याची ऐपत नाही त्याने भाड्याने आणावा. स्कॉटलंडमधलेही कितीतरी नवरदेव तेच करतात, त्यात काडीचाही कमीपणा नाही. आमचे भांडण ऐपत असूनही कारागिराच्या कौशल्याला ‘हौस’ म्हणून हिणवणाऱ्यांशी आहे. आमच्याकडे काय झाले पाहा. डोक्यावर फेटा बांधणारा हात लग्नमंडपातून कमी होत चालला, शिवलेला तयार फेटा टोपीसारखा चढवला जातो. गल्लीतला शिंपी नवे कपडे बेतत नाही, तयार विजारींची टोके दुमडतो. आणि तेच लोक संध्याकाळी ‘आपली संस्कृती लोप पावत आहे’ या विषयावर भाषणे ठोकतात.

परंपरा खोटी केव्हा होते? ती उशिरा जन्मली तेव्हा नव्हे. तिच्यासाठी कोणी वेळ, कष्ट आणि पैसा खर्च करीनासे होते, तेव्हा. तिचे माप घ्यायचे तर वय पाहू नये; तिच्यासाठी अजून कोणी सुई हातात घेतो का, ते पाहावे.

लग्नात आजींनी आमच्या कोटाची बाही दोन बोटांत धरून पाहिली, खांद्यावरून एकदा हात फिरवला आणि काही न बोलता पुढच्या रांगेत आपल्या शेजारी बसवले. किल्ट त्यांच्या घरी परत गेला आहे. कोट आमच्या कपाटात आहे. तो दुसऱ्या कोणाच्या खांद्यावर चढणार नाही, आणि तसेच असायला हवे.