बंब पेटत नाही? आधी राख काढा!



थंडी पडू लागली की पहाटे अंगणाअंगणांतून बंबाचा धूर दिसू लागतो. रात्रभर गव्हाला पाणी धरून गारठलेला घरधनी येतो, पोरांना शाळा गाठायची असते, म्हाताऱ्या माणसांना ऊन पाण्यावाचून आंघोळ सोसत नाही. अन् नेमका त्याच वेळी बंब रुसतो. नुसता धूर ओकतो, जाळ काही धरत नाही. मग पहिला बोल कुणाला? घरातल्या बाईला! "साधा बंब पेटवता येत नाही?" असे म्हणण्याआधी बंबात वाकून पाहावे. खोट बहुधा हातात नसते, बंबातच असते.

बंबाची रचना साधी आहे. मधोमध उभी नळी, तिच्याभोवती पाणी, नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राखेची जागा. नळीतली हवा तापली की हलकी होऊन वर जाते आणि खालून जाळीतून ताजी हवा ओढून घेते. ही ओढ चालू असेपर्यंत जाळ राहतो. ती अडली की बंबाचा श्वास कोंडला म्हणून समजावे.

तेव्हा तपासणी खालून वर करावी.

पहिली राख. कालची राख जाळीखाली साचली असेल, तर हवा शिरणार कुठून? जाळीची भोके सळईने मोकळी करावीत. राख रोज काढावी, पण उकिरड्यावर किंवा कडब्याच्या गंजीजवळ लगेच टाकू नये. तिच्या पोटात निखारा दडलेला असतो.

दुसरी काजळी. ओले सरपण जाळले की नळीला आतून काजळीचा थर बसतो आणि वाट अरुंद होते. बंब गार असताना काठीला गोणपाटाचा बोळा बांधून नळी वरून खाली घासावी. नळीवर झाकण असेल, तर पेटवताना ते काढून ठेवावे.

तिसरे सरपण. नुकत्याच तोडलेल्या लाकडात जवळजवळ निम्मे वजन पाण्याचे असते. जाळाची ऊब ते पाणी आटवण्यातच जाते. आंघोळीच्या पाण्याला काय उरणार? बंबापुरत्या ढलप्या, करवंट्या, तुरीच्या काड्या, मक्याची बुरकुंडे दिवाळीआधीच वाळवून आडोशाला ठेवावीत. दवात भिजलेली गोवरीही धूरच देते.

चौथी घाई. लवकर तापावे म्हणून आपण नळी गच्च भरतो. त्याने जाळाचा गळाच दाबला जातो. आधी कागद किंवा पाचट, त्यावर बारीक काड्या पेटवाव्यात, त्या धडधडून पेटल्या की मगच ढलप्या आणि तेही थोड्या थोड्या. लाकडाचा भुसा टाकू नये, तो जाळीवर बसून भोके बुजवतो.

ओढ आहे की नाही हे पाहायचे असेल, तर पेटत्या बंबाच्या खालच्या तोंडाशी उदबत्ती धरावी. तिचा धूर आत वळला तर वाट मोकळी; बाहेरच रेंगाळला तर कुठेतरी अडले आहे.

जाळ चांगला आहे, पण पाणी तापायला फार वेळ लागतो, अशी तक्रार असेल तर कारण वेगळे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असेल, तर नळीवर पाण्याच्या बाजूने क्षारांचे पांढरे कवच चढते. ते उष्णता अडवते. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून बंबात तासदोन तास ठेवावे आणि मग दोनतीनदा स्वच्छ पाण्याने खळबळून ओतून द्यावे.

आता तीन गोष्टी कधीही करू नयेत. पाणी भरल्यावाचून जाळ घालू नये. सांधे सुटून बंब गळू लागतो. पाणी ओतायचे तोंड गच्च बंद करू नये. वाफेला वाट हवी. आणि धुमसणाऱ्या बंबात रॉकेल किंवा पेट्रोल ओतू नये. भडका थेट तोंडावर येतो.

शेवटची गोष्ट सर्वांत मोठी. पाऊस आहे, वारा आहे म्हणून पेटता बंब न्हाणीघरात घेऊन दार लावू नका. कोंडलेल्या जाळातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. कोळसा धूर करत नाही म्हणून तो निर्धोक वाटतो, पण हा वायू त्यातूनही निघतो. डोके दुखते, गरगरते, मळमळते, आणि माणूस उठण्याआधीच शुद्ध हरपते. असे कुणाला झाले, तर आधी दार उघडून त्याला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ वर फोन करून दवाखाना गाठावा. बंब अंगणात किंवा उघड्या पडवीतच पेटवावा आणि ऊन पाणी बादलीने आत न्यावे. चार पावले जास्त पडतील, पण जीव सुखरूप राहील.

आज संध्याकाळीच, उजेड आहे तोवर, बंबाची राख काढून नळी घासून ठेवा. अन् हे काम घरच्या पुरुषमाणसाने केले, तर उद्या पहाटे बोलाबोलीला जागाच उरणार नाही!