बाल्कनीतली बिअर आणि वस्तीतली हातभट्टी



गेल्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गातल्या एका तरुण कार्यकर्त्याचा फोन आला. "दादा, शनिवारी घरी या. मी स्वतः बनवलेली बिअर तयार झालीये." पोरगा हुशार, आयटीत नोकरीला. वस्तीतून निघून स्वतःच्या फ्लॅटपर्यंत पोहोचलेला. मी गेलो. प्यायला नाही, बघायला.

त्याने सगळं समजावून सांगितलं. बार्लीला मोड आणून ती वाळवली की झाला माल्ट. तो भरडायचा, ६५ ते ६८ अंश गरम पाण्यात तासभर मुरवायचा, गाळायचा. मग हॉप्स नावाची कडू फुलं घालून तासभर उकळायचं, थंड करायचं आणि यीस्ट टाकून वीस लिटरच्या बंद बरणीत दोन आठवडे ठेवायचं. बरणीच्या तोंडाला वायू बाहेर सोडणारी नळी. शेवटी बाटलीत चिमूटभर साखर, म्हणजे फेस येतो. बाल्कनीत बरणी बुडबुडत होती आणि हॉलमध्ये भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता.

त्याची आई गावाकडून आली होती. ती बाल्कनीच्या दारात उभी राहून एवढंच म्हणाली, "ह्यो वास वळखीचा हाय रं. माझ्या बापाच्या खोपटामागं ह्योच वास यायचा." पोरगा हसून म्हणाला, "आई, ती हातभट्टी. हे क्राफ्ट आहे."

हा लेख त्या एका वाक्यावर आहे.

'क्राफ्ट' हा शब्द कुणाच्या पदरी पडतो आणि 'भट्टी' कुणाच्या, ते आधी बघू. वर्तमानपत्रातली बातमी आपल्याला पाठ आहे: अमुक वस्तीवर धाड, इतके लिटर रसायन नष्ट, महिलेवर गुन्हा दाखल. शेजारच्याच पुरवणीत रंगीत लेख असतो, घरच्या घरी बिअर बनवण्याचा नवा छंद. धान्य किंवा गूळ आंबवणं दोन्हीकडे तेच. एका बाईचं नाव पोलीस डायरीत जातं, एका साहेबाचा फोटो पुरवणीत येतो.

कायदा काय म्हणतो? महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे. त्याच्या व्याख्येत बिअरही दारूच आहे. कलम ६५ प्रमाणे परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे. बनवण्यासाठी भांडी आणि साहित्य बाळगणं हाही गुन्हा आहे. 'छंद असेल तर माफ' असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. मग पोलिसांची गाडी सोसायटीच्या गेटवर का थांबत नाही आणि वस्तीच्या तोंडाशीच का थांबते? कायदा एकच आहे, तो वापरणारा हात जात बघतो.

ही गोष्ट आजची नाही. इंग्रजांनी १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने दारू गाळण्यावर सरकारी पकड बसवली. १८९२ मध्ये मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा वेगळा कायदा केला. जंगलातलं फूल वेचणारा आदिवासी गुन्हेगार ठरला आणि महसूल सरकारच्या तिजोरीत गेला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर अख्ख्या जमातींच्या कपाळावर जन्मतःच शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शिक्का गेला नाही. भटक्या-विमुक्तांच्या वस्तीवर धाड घालायला आजही कुणाला फार कारण लागत नाही.

हा दुटप्पीपणा उघडा पाडलाच पाहिजे. पण इथेच आपली पोरं चुकतात. ती म्हणतात, "बघा ना दादा, ते करतात तर आम्ही का नाही? ही पण समताच की."

नाही. ही समता नाही, ही नक्कल आहे.

काही जण त्याहून पुढे जातात. म्हणतात, दारू वर्ज्य मानणं हाच ब्राह्मणी सोवळेपणा. आपण बीफ खायच्या हक्कासाठी भांडतो, मग बिअरच्या हक्कासाठी का नाही? मुद्दा सोडून देण्यासारखा नाही, म्हणून उत्तर देतो. बीफ हे गरिबाच्या ताटातलं अन्न आहे. ते हिरावणं म्हणजे त्याच्या पोटावर आणि माणूसपणावर घाला. दारू ताटात काही घालत नाही, ताट रिकामं करते. सोवळं म्हणजे दुसऱ्याच्या स्पर्शाची भीती. आपली प्रतिज्ञा कुणाच्या स्पर्शाला घाबरत नाही. ती पगाराच्या पाकिटाकडे, पोराच्या फीकडे आणि बायकोच्या पाठीवरच्या वळाकडे बघून घेतलेली आहे.

आता बाबासाहेबांकडे येऊ, कारण इथे ते फार सोयीने वापरले जातात. बाबासाहेबांचा सरकारी दारूबंदीला विरोध होता, हे खरं आहे. १९५१ च्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या जाहीरनाम्यात दारूबंदी रद्द करण्याची मागणी आहे. तेवढंच दाखवून लोक म्हणतात, बघा, बाबासाहेबही आमच्याच बाजूचे. पण त्या मागणीचं कारण वाचलंय का? बंदीमुळे दारू घरोघरी बनायला लागली, हे तिथलं एक कारण आहे. पूर्वी दारू गुत्त्यात मिळायची आणि तिथे पुरुष जायचे. आता ती घरात बनते म्हणून बायका-पोरंही तिच्या जवळ गेली, असा तो युक्तिवाद आहे. म्हणजे दारूचं भांडं घरात येणं हीच बाबासाहेबांना मोठी हानी वाटत होती. आणि आपण तेच भांडं हौसेने, ऑनलाइन मागवून घरात आणतोय!

पाच वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी लाखोंना बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यात दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. यात विसंगती नाही. पोलिसाच्या काठीने दारू सुटत नाही, ती काठी गरिबाच्याच पाठीवर बसते. दारू सुटते ती माणसाने स्वतः घेतलेल्या निश्चयाने. कायद्याच्या जागी त्यांनी प्रतिज्ञा ठेवली.

"पण दादा, बिअर म्हणजे दारू थोडीच?" हेही ऐकलं. पंचशीलातल्या पाचव्या शीलात सुरा आणि मेरय असे दोन शब्द आहेत. सुरा म्हणजे काय, ते विनयपिटकात सांगितलं आहे: पिठाची, भाताची, किण्व घालून केलेली. धान्य आणि किण्व, म्हणजे तुझ्या बरणीत आहे तेच. भगवान बुद्धांना बिअर माहीत नव्हती, असं म्हणायची सोय राहिलेली नाही.

अमेरिकेचं उदाहरणही दिलं जातं. तिथे १९७८ मध्ये कायदा झाला आणि प्रौढ माणसाला घरी वापरापुरती वर्षाला १०० गॅलन बिअर बनवायची मोकळीक मिळाली. बरोबर. पण ती कायदा करून, सगळ्यांना मिळाली. इथे जी मोकळीक आहे ती सोसायटीच्या गेटने दिलेली आहे. उद्या कुणाला कायदा बदलायचा असेल, तर पहिलं नाव मोह वेचणाऱ्या आदिवासी बाईचं असलं पाहिजे, बार्ली मागवणाऱ्याचं नाही.

मी हातभट्टीचं समर्थन करत नाही. घरची बिअर आणि हातभट्टी यांतला फरकही मला कळतो. बिअर नुसती आंबवतात, हातभट्टीची दारू गाळतात आणि विषारी दारू तर सरळ जीव घेते. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं मेली. ती कुठल्या टॉवरमधली नव्हती, कष्टकरी होती. म्हणून वस्तीतली भट्टी बंद झालीच पाहिजे, पण ती चालवणाऱ्या बाईला दुसरी रोजी देऊन. आणि याच महाराष्ट्रात गावोगावच्या बायकांनी 'आडवी बाटली'ला मतं देऊन दुकानं बंद पाडली आहेत. रांगेत उभं राहून त्यांनी जे गावाबाहेर काढलं, ते त्यांच्या शिकलेल्या लेकांनी बाल्कनीतून आत घ्यायचं?

त्या पोराला मी निघताना एवढंच म्हटलं: तुझ्यात काही बनवायची हौस आहे, तासन्‌तास तापमान मोजायची चिकाटी आहे. रविवारी वस्तीत ये, दहावीच्या पोरांना रसायनशास्त्र शिकव. किण्वन हा धडा त्यांनाही आहे. इडलीच्या पिठावरही तो शिकवता येतो.

तो काही बोलला नाही. आई मात्र जिन्यापर्यंत सोडायला आली. म्हणाली, "भाऊ, माझा बाप त्या वासातच गेला. पोराला सांगायचं धाडस व्हईना, आता शिकलाय त्यो."

मित्रांनो, ते धाडस आपण करायचं. धाड पडली तर वस्तीतल्या बाईच्या बाजूने पोलीस ठाण्यात उभं राहायचं आणि बरणी दिसली तर आपल्याच मित्राच्या घरात बोलायचं. यातलं एकच काम करणारा अर्धाच आंबेडकरवादी आहे.

जय भीम!