'चक्रम' हे निदान नाही

सुरुवात पोटदुखीपासून करतो. बोरिवलीचा सातवीतला मुलगा (तपशील थोडे बदलले आहेत). शाळेच्या दिवशी सकाळी पोटात दुखतं, रविवारी दुखत नाही. रक्त, लघवी, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. मी सहज विचारलं, "लोकलने आलास का रे?" आणि पोरगा सुटलाच. सीमेन्सचा रेक कसा ओळखायचा, बंबार्डियरचा कसा, कुठली फास्ट अंधेरीनंतर कुठे थांबते, सगळं एका दमात. बाहेर पेशंट खोळंबलेत हे त्याच्या गावीही नव्हतं. आई ओशाळून म्हणाली, "डॉक्टर, हा असाच. वर्गात सगळे चक्रमच म्हणतात त्याला." तो एकदम गप्प झाला. दुखणं कुठलं आहे ते मला तेव्हा कळलं.

या एका मुलाला किती नावं आहेत बघा. वर्गात चक्रम. काकांच्या तोंडी येडा. आजीसाठी नादिष्ट, तेही कौतुकाने. आयटीतला मामेभाऊ म्हणतो 'गीक', आणि पाठ थोपटतो. मुलगा तोच. प्रत्येक शब्दातून बोलणाऱ्याची त्याच्याबद्दलची भावना कळते, मुलाबद्दल काहीच कळत नाही.

'गीक' तरी कुठे मानाचा शब्द होता? अमेरिकेतल्या जत्रांमध्ये जिवंत कोंबडीचं मुंडकं चावून दाखवणाऱ्या माणसाला गीक म्हणत. कॉम्प्युटरवाल्यांना भरपूर पगार मिळू लागले आणि तीच शिवी पदवी झाली. म्हणजे पॅकेज मिळालं तर गीक, नाहीतर चक्रम!

आम्हा डॉक्टरांची लेबलंही अढळ नसतात. 'अ‍ॅस्परगर' हे निदान अमेरिकन मानसोपचाराच्या यादीत १९९४ साली आलं आणि २०१३ साली गेलं. आता ते 'ऑटिझम स्पेक्ट्रम'मध्येच धरतात. मग सोसायटीच्या जिन्यात केलेल्या निदानावर किती विश्वास ठेवायचा?

माझा राग दोन गोष्टींवर आहे. एक, 'ऑटिस्टिक' हा शब्द शिवीसारखा वापरणं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे. ती टिंगलीची बाब नाही. दुसरी, "हुशार मुलं अशीच असतात" म्हणत मदत टाळणं. दोन्हीकडे मूल एकटंच राहतं.

नुसता छंद, कितीही टोकाचा असला तरी, आजार नसतो. ऑटिझममध्ये त्याच्या जोडीला लहानपणापासून इतर गोष्टी दिसतात: दोन्ही बाजूंनी गप्पा न जमणं, चेहऱ्यावरचे भाव न कळणं, ठरलेला क्रम मोडला की फार त्रास होणं, मिक्सरचा आवाज किंवा शर्टाचं लेबल सहन न होणं. मुलींमध्ये हे बऱ्याचदा लपून राहतं. आणि अबोलपणामागे लाजाळूपणा, चिंता किंवा कमी ऐकू येणंही असू शकतं. हे सारं वेगळं करायला विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ लागतात.

मूल शाळा टाळत असेल, झोप-भूक बदलली असेल, आवडता विषयच बोलायचं सोडलं असेल, तर थांबू नका. मरणाची भाषा ऐकलीत तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा; 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी मोफत क्रमांक चोवीस तास चालतो.

त्या मुलाला मी पोटाचं औषध दिलं नाही. तपासणीसाठी तज्ज्ञांकडे पाठवलं, वर्गशिक्षिकेला चिडवण्याबद्दल भेटायला सांगितलं, आणि आईला म्हटलं, "रोज दहा मिनिटं त्याच्याकडून लोकल शिका." काकांसाठीही एक पथ्य लिहून दिलं: तो शब्द बंद.

तुमच्या घरात तो शब्द कोण वापरतं? आजच त्यांच्याशी बोला.