जुना पत्रा, नवा पट्टा

मैत्रिणींनो, आमच्या नागापूरच्या अंगणात मामंजींची प्रीमियर पद्मिनी अजून उभी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून निघू लागली. गिअर स्टिअरिंगपाशीच, थंडीत चोक ओढावा, तेव्हा कुठे बाईसाहेब जाग्या होणार! मामंजी पत्र्यावर थाप मारून म्हणतात, "नव्या गाड्या म्हणजे नुसते बिस्किटांचे डबे!" मलाही तसंच वाटे. पण नव्या गाडीचं नाक चेपतं ते मुद्दाम. धक्का ते गिळतं, आतली माणसं वाचतात. जुनीत तो थेट अंगावर. मात्र मागे मुलं पट्ट्याविना उभी राहिली, तर नवी गाडी तरी काय करणार? परवा पुण्याला निघताना सगळ्यांचे पट्टे लावल्यावरच मी किल्ली फिरवली. मामंजी कुरकुरले, पण लावला.