तापणारा लॅपटॉप आणि घरघरणारा पंखा

आपल्यापैकी अनेक घरांत लॅपटॉप एकच असतो. सकाळी थोरल्याचा क्लास, दुपारी मुलीचा प्रोजेक्ट, इशानंतर अब्बांचा दुकानाचा हिशेब. उन्हाळा आला की तो तापतो, आतला पंखा घरघरू लागतो आणि नेमका परीक्षेचा फॉर्म भरताना स्क्रीन काळी पडते. मग पंख्याचा आवाज कमी करणारे एखादे सॉफ्टवेअर टाकले जाते, नाहीतर नव्या लॅपटॉपची चौकशी सुरू होते. दोन्हीची घाई नको.

आधी आत काय घडते ते पाहू. प्रोसेसरची उष्णता तांब्याच्या नळीतून धातूच्या बारीक जाळीपर्यंत येते आणि पंखा ती हवेबरोबर बाहेर फेकतो. बहुतेक लॅपटॉपमध्ये हवा तळातून आत शिरते व मागच्या किंवा बाजूच्या फटींतून बाहेर पडते. ही वाट अडली की पंखा जोर लावतो. तेवढ्याने भागले नाही तर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. बऱ्याच प्रोसेसरची मर्यादा १०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. पुढे धोका दिसला तर यंत्र आपोआप बंद पडते. म्हणजे पंखा आपल्याच भल्यासाठी ओरडत असतो. त्याला गप्प करण्याआधी कारण शोधावे.

पहिली गोष्ट जागेची. गादी, रजई, उशी किंवा मांडीवर लॅपटॉप ठेवला की तळाच्या फटी बंद होतात. टणक, सपाट टेबल किंवा लाकडी पाट वापरा. मागच्या दोन पायांखाली बाटलीची झाकणे ठेवून तो बोटभर उचलला तरी हवा खेळते. रिहल मात्र कुरआनसाठीच राहू द्या. ॲपलने आपल्या मॅकबुकसाठी खोलीचे तापमान १० ते ३५ अंश असावे असे सांगितले आहे. विदर्भ, खानदेशात मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा व्हिडिओ एडिटिंगसारखी जड कामे फजरनंतरच्या गारव्यात उरकावीत.

दुसरी गोष्ट धुळीची. वर्ष-दोन वर्षांत जाळीवर धुळीचा थर बसतो. वॉरंटी संपली नसेल तर स्वतः उघडू नका. जाणकार कारागिराकडून साफसफाई करून घ्या आणि प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट सुकली आहे का, तेही पाहायला सांगा. घरी ब्लोअर मारायचाच असेल तर लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून मारा आणि पंख्याची पाती काडीने अडवून धरा. हवेच्या झोताने ती भरधाव फिरली तर पंखा बिघडू शकतो.

तिसरी गोष्ट कामाच्या ओझ्याची. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. सीपीयूच्या रकान्यात सर्वांत वर कोण आहे ते बघा. ब्राउझरच्या वीस-पंचवीस उघड्या टॅबही पुरेशा असतात.

एवढे झाल्यावरच पंख्याच्या सेटिंगकडे वळा. अनेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये शांत, संतुलित आणि जलद असे पर्याय असतात; तेच वापरा. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट' १०० ऐवजी ९९ टक्के केल्यास बऱ्याच लॅपटॉपचा टर्बो वेग थांबतो आणि उष्णता उतरते. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसत नाही. इंटरनेटवरून उचललेले कुठलेही पंखा-नियंत्रक सॉफ्टवेअर मात्र टाळा. ते प्रत्येक मॉडेलला लागू पडत नाही आणि चुकीच्या आकड्याने पंखाच थांबू शकतो.

एक इशारा घरातल्या सर्वांसाठी. टचपॅड वर उचलला गेला, तळ फुगला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली असण्याची शक्यता आहे. चार्जर ताबडतोब काढा, लॅपटॉप वापरू नका, बॅटरी दाबू किंवा टोचू नका. ती घंटागाडीत न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. झोपलेल्या मुलांजवळ, अंथरुणावर लॅपटॉप रात्रभर चार्जिंगला कधीच ठेवू नका.

यानंतरही लॅपटॉप तापत असेल तर नवा घ्यायला हरकत नाही. पण निव्वळ धुळीपायी चांगली वस्तू भंगारात काढणे हा इसराफच. हातातली नेमत जपून वापरणे हाही शुक्र आहे.