सहा, सहा, सहा, चार

भुजंगप्रयात वृत्ताशी माझी ओळख दहावीत झाली, ती छडी खाऊन. फळ्यावरच्या ओळीला लघुगुरूच्या खुणा करायच्या, तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे आणि शेजारी वृत्ताचं नाव लिहायचं. माझे गण चुकले. त्या संध्याकाळी दिवेलागणीला धाकटा भाऊ मनाचे श्लोक म्हणत होता. मी शेजारी हात चोळत बसले होते आणि सहज बोटं मोजायला लागले. प्रत्येक ओळीत बारा अक्षरं, चार 'य' गण. म्हणजे हाच की तो भुजंगप्रयात! समर्थांचे सगळे 205 श्लोक याच चालीत आहेत. चार वर्षांची असल्यापासून मी ज्या वृत्तात डोलत होते, तेच वृत्त वर्गात मला परकं म्हणून भेटलं. "तुला येतं ते, म्हणून बघ," एवढं कुणी म्हणालं असतं तरी पुरलं असतं. त्याचा राग अजून गेलेला नाही.

म्हणून निवृत्तीनंतर रविवारी सकाळी गच्चीवर मुलं जमायला लागली, तेव्हा एकच ठरवलं. आधी कानाला ओळख, नाव मागाहून. आमचा हा सोलापूरचा पूर्व भाग. कुणाच्या घरी तेलुगू, कुणाच्या घरी कन्नड, कुणाकडे दखनी. मराठी शाळेत आणि गल्लीत. खाली यंत्रमागाची खटखट चालूच असते. पहिले दोन रविवार आम्ही फक्त त्या खटखटीवर टाळ्या दिल्या.

तिसऱ्या रविवारी अभंग घेतला. व्याख्या सांगितलीच नाही. बोटांवर मोजायचं: सहा, सहा, सहा, चार. ऱ्हस्व-दीर्घाचा विचार नाही, जोडाक्षर एकच धरायचं आणि दुसऱ्या-तिसऱ्या तुकड्याचं यमक जुळवायचं. शेवटच्या चारला श्वास सुटतो, तिथं टाळ वाजतो. पाचवीतल्या एका मुलीनं दहा मिनिटांत लिहून दिलं:

आजीच्या हातात / भाकर फिरते / चुलीत हसते / लाल आग.

मोजून पाहा, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मग तिला सांगितलं की हेच माप हाताशी घेऊन आपल्या जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याचे चोखोबा बोलले. गावकुसाचं बांधकाम करताना दरड कोसळून ते गेले असं सांगतात; पंढरपूरला महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. कान्होपात्राही मंगळवेढ्याचीच, गणिकेची मुलगी. नामदेव शिंपी. मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "बाई, म्हणजे हे कुणालाबी चालतंय?"

चालतंय. मुलांपर्यंत मला हेच पोचवायचं असतं.

ओवीचं मात्र मुलांना नीट सांगावं लागलं. ज्ञानेश्वरीतली ओवी साडेतीन चरणांची, पण जात्यावरच्या ओवीत अक्षरं मोजत बसत नाहीत. जात्याचा फेरा आणि बाईचा दम, हेच तिचं माप. जातं आता घराघरांतून गेलं. एका मुलाची आजी गच्चीवर आली आणि हाताची मूठ हवेत गोल फिरवत तिनं ओव्या म्हटल्या. मूठ थांबली की तिचे शब्दही थांबत. माझ्या पाच तासांनी झालं नसतं ते त्या मुठीनं केलं. नवरात्रात तर शिकवायला फारसं उरतच नाही. मराठी मुली हादग्याचा फेर धरतात, तेलुगू घरांतल्या बायका फुलांच्या बतुकम्माभोवती फेर धरतात. दोन्हीकडं एकीनं ओळ म्हणायची आणि सगळ्यांनी पालुपद उचलायचं. पालुपद कशासाठी असतं, हे फेरात उभं राहिलं की पायांनाच कळतं.

मुलं सगळ्यात रमली ती नाममुद्रेत. अभंगाच्या शेवटी संत स्वतःचं नाव घालतात. गझलेच्या शेवटच्या शेरात शायर आपलं टोपणनाव गुंफतो. आणि आपले सिद्धरामेश्वर? ज्यांच्या गड्ड्याच्या जत्रेला ही मुलं दर संक्रांतीला पाळण्यात बसायला जातात, ते बाराव्या शतकात कन्नडमधून वचनं लिहीत होते, हे वर्गातल्या निम्म्या मुलांना ठाऊक नव्हतं. वचनाला वृत्त नाही, अक्षरांचा हिशेब नाही, बोलल्यासारखं लिहायचं. पण शेवटी अंकित, म्हणजे नाममुद्रा, हवंच. तिथं ते स्वतःचं नाव लिहीत नाहीत, आपल्या देवाला हाक मारतात: कपिलसिद्ध मल्लिकार्जुन. मुक्तछंद आपल्याकडं अलीकडं आला असं मानणाऱ्यांनी सोलापूरच्या तळ्याकाठी एकदा जरूर यावं. लावणीकार राम जोशीही याच गावचे. पुराणिकाच्या घरात जन्मले, फडात रमले, पुढं कीर्तनाला उभे राहिले. एकाच लावणीत चार भाषा खेळवणारा हा माणूस आमच्या गल्लीत शोभून दिसला असता.

नाममुद्रेची गोडी लागल्यावर प्रत्येकाला शेवटच्या ओळीत आपलं नाव हवं झालं. आणि नेमकी मागच्या रविवारी मी हायकूला सुरुवात केली. मूळ जपानी, मराठीत रुजवला शिरीष पै यांनी. पाच, सात, पाच. सतरा अक्षरांत एकच क्षण पकडायचा. सातवीतला एक मुलगा कधीच फारसं बोलत नाही. वडील मागावर आहेत, त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. त्यानं लिहिलं:

माग थांबला / बापाच्या कानात तो / अजून चाले.

मला काही बोलताच आलं नाही. तो मात्र वहीवर वाकून बोटं मोजत होता. "बाई, माझं नाव कुठं टाकू? जागाच न्हाई." मी म्हटलं, एखादा शब्द काढून बघ. त्यानं तिन्ही ओळी पुन्हा मोजल्या, एकेका शब्दावर बोट ठेवलं, मान हलवली. मग पान उलटलं आणि नाव मागच्या बाजूला लिहिलं.